काळ्या मुसळीची ओळख : वनस्पतिवर्णनाविषयी एक आक्षेप

पहिल्या पावसानंतर सह्याद्रीतील पानझडी जंगलात पाचोळ्यातून डोके वर काढणारे काळ्या मुसळीचे पिवळे फूल ओळखणे सोपे आहे, असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो. हा समज दृढ करण्याचे श्रेय बहुतांशी सचित्र पुस्तिकांना द्यावे लागेल. त्यांत दिसते ती मातीला लागून उमललेली सहा परिदलांची चांदणी. आणि अशी चांदणी हिपॉक्सिस ऑरिया या तिच्याच कुलातील वनस्पतीचीही असते. चित्र खोटे नसते, पण जे वेगळेपण सांगावयाचे ते त्यात येतच नाही.

काळ्या मुसळीचा, म्हणजे कर्क्युलिगो ऑर्किऑइडिसचा, पुष्पदंड इतका आखूड असतो की तो पानांच्या तळाशी दडून राहतो. किंजपुट तर मातीतच असतो. ज्याला आपण फुलाचा देठ समजतो तो देठ नव्हेच. ती किंजपुटाच्या माथ्यावरून वर गेलेली बारीक, केसाळ चंचू होय. हिपॉक्सिसला ही चंचू नसते व तिचा किंजपुट दंडावर उघड दिसतो. गेर्टनर याने १७८८ मध्ये कर्क्युलिगो हे नाव दिले ते सोंडकिड्याच्या लॅटिन नावावरून, त्यातही चोचीचाच निर्देश आहे. मराठी नावाने मात्र मूलक्षोड पाहिले : बाहेरून काळसर आणि मुसळासारखे सरळ. म्हणूनच ऊर्ध्वस्थ किंजपुटाची, पांढऱ्या फुलांची क्लोरोफायटमही मुसळीच ठरली. खणणाऱ्याला दोहोंतील भेद सांगावा लागत नाही.

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या फ्लोरात (१९०१–१९०८) ही वनस्पती अ‍ॅमॅरिलिडेसी कुलात घातली. आज ती हिपॉक्सिडेसीत गणली जाते. कुल बदलले म्हणून जुनी वर्णने बाद होत नाहीत, आणि नेमकेपणात आजच्या पुस्तिका त्यांच्या जवळपासही पोचत नाहीत. तथापि या परंपरेतील वर्णने मुख्यत्वे मुळासकट उपटून वाळविलेल्या नमुन्यांपुढे बसून लिहिली गेली. वाचकाच्या हातीही उपटलेली वनस्पती असेल, हे त्यांत गृहीत धरलेले असते. ज्या वनस्पतीचे मूलक्षोड औषधासाठी आधीच खणून नेले जाते, तिच्याबाबत हे गृहीत आपण पुढे चालविणे योग्य नव्हे. एका सहलीतील चाळीस विद्यार्थ्यांनी चाळीस रोपे उपटावयाची, ती केवळ खातरी करण्यासाठी?

खातरीला एक फूल पुरते. पानांचे तळ हलके बाजूला सारून सर्वांत खालचे फूल पाहावे. वरची फुले पुष्कळदा केवळ नर असतात व त्यांवरून किंजपुटाचा निर्णय करता येत नाही. या एका फुलाबरोबर काही बिया जातील, हे खरे. रोप मात्र राहील.

फुले सरल्यावर काय करावे, याविषयी पुस्तिका गप्प असतात. त्या वेळी पाने पाहावीत : लांबट, भाल्यासारखी, उभ्या चुण्यांची, ताडाच्या कोवळ्या रोपाचा भास करून देणारी. संस्कृतातील तालमूली हे नाव याच साम्याकडे बोट दाखविते. फळ तोवर मातीतच पिकत असते.