नीत्शे हें आडनांव

फ्रीड्रिख नीत्शे ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याचें आडनांव मराठींत लिहावयास घेतलें कीं लेखणी क्षणभर अडखळते. मूळ लेखनांत पहिल्या स्वरानंतर पांच व्यंजनचिन्हें एकापुढें एक उभीं आहेत. उच्चार मात्र कोणी ‘त्श’ असा करितात, तर पुष्कळांच्या तोंडीं तो नुसता ‘च’ असतो. ह्या दुसऱ्या उच्चाराप्रमाणें ‘नीचे’ असें लिहावें तर मराठी वाचकाच्या मनांत भलताच शब्द उभा राहील. म्हणून ‘नीत्शे’ हें रूप आपल्याकडे रूढ झालें तें योग्यच झालें. हें आडनांव त्याच्या मायदेशींही विरळाच आहे. त्यांतील एकदोन अक्षरें गाळून लिहिलेलीं त्याचीं सोपीं भावंडें सॅक्सनी प्रांतांत व आसपास अधिक आढळतात. नेमक्या ह्याच लेखनाचीं कुळें थोडीं. तरीही त्या थोड्यांपैकीं एका पुरुषामुळें तें जगभर गाजलें. अशा आडनांवाचा उगम कोणता, आणि त्याच्या धन्यानें त्याविषयीं जें सांगितलें तें कितपत खरें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

ह्या विचारास निमित्त झाला तो एका विद्यार्थ्याचा प्रश्न. ‘सर, नीत्शे जर्मन होता कीं पोलिश?’ असें त्यानें आम्हांस विचारलें, तेव्हां वर्गांत हंशा पिकला. पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. विद्यार्थी ‘एक्के होमो’ हें नीत्शेचें आत्मचरित्रपर पुस्तक वाचून आला होता. १८८८ सालीं लिहिलेलें व १९०८ सालीं, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक. आपले पूर्वज पोलिश सरदार होते असें त्यांत नीत्शे अभिमानानें सांगतो. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें डेन्मार्कचा टीकाकार गेऑर्ग ब्रांडेस ह्यास लिहिलेल्या पत्रांतही त्यानें हीच हकीकत कळविली, आणि परदेशांत लोक आपणांस पोलिशच समजतात असा पुरावाही जोडला. त्याच्या १८८२ सालच्या एका टिपणांत तर सबंध कथाच आहे: न्येत्स्की नांवाचे प्रॉटेस्टंट सरदार धर्मच्छळास कंटाळून सुमारें शंभर वर्षांपूर्वीं देश व सरदारकी सोडून निघाले, आणि त्यांच्यापासून आपलें रक्त व आपलें नांव आलें, असें आपणांस शिकविण्यांत आलें होतें.

कथा मोठी मनोवेधक आहे. पण ती साध्या हिशेबासही टिकत नाहीं. १८८२ मधून शंभर वजा केले म्हणजे १७८२ साल येतें. नीत्शेचा आजा १७५६ सालीं मध्य जर्मनींतील बिब्रा ह्या गांवीं जन्मला, आणि पुढें आयलेनबुर्ग येथें ल्यूथरपंथी चर्चचा वरिष्ठ अधिकारी झाला. म्हणजे ज्या सुमारास हे सरदार पोलंडमधून निघावयाचे, त्या सुमारास आजोबा जर्मनींत सव्वीस वर्षांचे झालेले होते! नीत्शेचा बाप रक्केन ह्या खेड्याचा धर्मोपदेशक. आईही धर्मोपदेशकाचीच मुलगी. आईकडील एक नातलग माक्स एलर ह्यानें पुढें नीत्शेची वंशावळ कसून शोधली. तींत पिढ्यान्‌पिढ्या जर्मन नांवेंच सांपडलीं. पोलिश सरदाराचा मागमूसही लागला नाहीं.

मग हें आडनांव आलें कोठून? त्याचें उत्तर दरबारांत नसून बारशांत आहे. नीत्शे हें निकोलाउस ह्या नांवाचें घरगुती रूप होय. चवथ्या शतकांत आशियामायनरमधील मायरा येथें निकोलस नांवाचा धर्माध्यक्ष होऊन गेला. व्यापारी व खलाशी ह्यांचा तो त्राता मानला गेला. १०८७ सालीं त्याच्या अस्थि इटलींतील बारी येथें आणल्यावर युरोपांत त्याची भक्ति फारच वाढली. लाइप्सिक शहरांतील प्रसिद्ध चर्चही त्याच्याच नांवाचें आहे. तेव्हां घरोघर निकोलाउस असणें स्वाभाविक होतें. आपल्याकडे गोविंदाचा जसा गोंद्या होतो, तसा तिकडे निकोलाउसचा आखूड होऊन शेवटीं ‘शे’ हा प्रत्यय लागला. हा प्रत्यय मूळ जर्मन नव्हे. त्यावर स्लाव भाषेचा ठसा आहे. झाले व एल्ब ह्या नद्यांच्या पूर्वेस पूर्वीं सोर्ब नांवाचे स्लाव लोक राहत असत. बाराव्या शतकांत त्यांच्या शेजारीं जर्मन शेतकरी येऊन वसले, आणि दोन्ही भाषा एकाच चुलीपाशीं बोलल्या जाऊं लागल्या. त्या संगमांतून अशीं नांवें निपजलीं. गंमत अशी कीं, फ्रीड्रिख ह्या नांवावर तोच संस्कार होऊन ‘फ्रित्शे’ असें आडनांव झालें आहे व तें त्याच प्रांतांत चांगलें प्रचारांत आहे.

म्हणजे नीत्शेच्या दंतकथेंत सत्याचा एक कण होता खरा. त्याच्या नांवांत स्लाव अंश आहे. परंतु तो सरदारांच्या रक्ताचा नव्हे, शेतकऱ्यांच्या जिभेचा आहे.

आतां अर्थाकडे वळूं. निकोलस हा शब्द ग्रीक. ‘नीके’ म्हणजे विजय व ‘लाओस’ म्हणजे लोक. लोकांचा विजय! सामान्य जनसमूहाचा जन्मभर तिरस्कार करणारा, ख्रिस्ती धर्मावर घणाचे घाव घालणारा हा पुरुष एका ख्रिस्ती संताचें नांव घेऊन वावरला, आणि त्या नांवाचा अर्थ असा! येथें टाळी घेण्याचा मोह कोणासही होईल. पण तो आवरला पाहिजे. आडनांवावरून माणसाचा स्वभाव ठरवूं लागलों तर आम्हीही नीत्शेच्याच चुकींत सांपडूं. आडनांव पाडणाऱ्यांस नातवाच्या नातवाची ओळख नसते. तें एका काळच्या लोकांची भक्ति व बोली सांगतें. पुढें जन्मणाऱ्या व्यक्तीचें भविष्य सांगत नाहीं.

तथापि नीत्शेची चूक कां झाली हें पाहिल्याखेरीज त्याचा न्याय करणें बरोबर नाहीं. १८७१ सालीं स्थापन झालेल्या जर्मन साम्राज्याच्या उन्मत्त राष्ट्राभिमानाचा त्यास वीट आला होता. त्याची बहीण एलिझाबेथ हिनें यहुदीद्वेष्ट्या फ्योर्स्टरशीं लग्न केलें, आणि शुद्ध जर्मन रक्ताची वसाहत स्थापण्यासाठीं १८८६ सालीं तीं दोघें पॅराग्वेस गेलीं. अशा घरांत ‘मी जर्मन नव्हेच’ असें ओरडावेंसें वाटणें समजण्यासारखें आहे. १८८८ च्या डिसेंबरअखेर त्यानें पुस्तकांतील तें प्रकरण पुन्हां लिहून आपण शुद्ध पोलिश सरदार असल्याचें ठांसून सांगितलें, व आई-बहिणीविषयीं अत्यंत कठोर शब्द घातले. थोड्याच दिवसांत, जानेवारी १८८९ मध्यें, तुरीन येथें त्याची बुद्धि भ्रष्ट झाली. तें पान घरच्यांनीं दडपलें. पेटर गास्ट ह्या मित्राच्या हातची नक्कल सांपडून मोंतिनारी ह्या इटालियन पंडितानें तें १९६९ सालीं प्रथम उजेडांत आणलें. मधल्या काळांत बहीण फ्योर्स्टर-नीत्शे असें जोडनांव लावून भावाच्या ग्रंथांची मालकीण झाली होती. १९३५ सालीं तिच्या अंत्यविधीस स्वतः हिटलर हजर होता. जें नांव नीत्शेस जर्मनीच्या बाहेर न्यावयाचें होतें, तेंच जर्मन वंशाभिमानाच्या निशाणावर चढलें.

हें दैव दारुण खरें. पण त्यांत नीत्शेचा कांहींच दोष नव्हता असें आम्हांस म्हणवत नाहीं. १८८७ सालच्या ‘नीतीची वंशावळ’ ह्या ग्रंथांत उच्च म्हणून मिरवणाऱ्या कल्पनांचा उगम किती हीन गोष्टींत असतो हें त्यानें निर्भयपणें दाखविलें. त्याच ग्रंथांत सरदारी वृत्तीचें कौतुकही आहे, आणि घात झाला तो तेथेंच. जगाच्या वंशावळी फाडणाऱ्या ह्या पुरुषानें स्वतःची वंशावळ मात्र न तपासतां स्वीकारली. जर्मन रक्ताच्या गर्वास त्यानें पोलिश रक्ताच्या गर्वानें उत्तर दिलें. ‘रक्तानें माणूस ठरत नाहीं’ एवढेंच म्हटलें असतें तर त्याचें नांव पळविणें त्या लोकांस इतकें सोपें गेलें नसतें.

विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर दिलें तें असें: ‘नीत्शे जर्मन होता, त्याचें आडनांव जर्मन व स्लाव शेजाऱ्यांनीं मिळून घडविलें, आणि पोलिश सरदार फक्त त्याच्या इच्छेंत होता.’ विद्यार्थी थोडा हिरमुसला. सरदाराची गोष्ट त्यास अधिक आवडली होती. आम्हांस विचाराल तर शेजाऱ्यांची गोष्टच अधिक मोठी वाटते.