चित्र कोणाचे, नाव कोणाचे?

शाळेतील पहिले कलादालन म्हणजे फळा. त्या फळ्यापर्यंत पोचण्याची किंमत आपल्या समाजाला ठाऊक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावाला उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा सवर्ण मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलले, अशी हकीकत बाबासाहेबांच्या चरित्रात येते. आज फळ्याची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. मुलांची चित्रे ऑनलाइन कलादालनांत मांडली जातात. येथे डबे उचलायला कोणी धावत नाही. म्हणून भेद संपला असे समजायचे काय?

कळमनुरीतील आमच्या वस्तीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने चित्र काढले. फडातली कोपी, डोक्यावर उसाची मोळी घेतलेली आई आणि आईएवढाच मोठा कोयता. आकाश काळे होते. मी विचारले, सूर्य का नाही? ती म्हणाली, "सर, गाडी रातीलाच भरतेत." कोपऱ्यात तिने आपले पूर्ण नाव लिहिले होते.

पुढे एका संस्थेने ते चित्र आपल्या संकेतस्थळावर लावले. खाली ओळ होती: 'एका वंचित मुलीची कल्पनाशक्ती'. त्याखाली देणगीचे आवाहन. नावाचा कोपरा कापलेला होता. मुलीने मोबाइल हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "माझं नाव कुठं गेलं?"

जे तिने रोज पाहिले, त्याला त्यांनी कल्पना म्हटले. जे तिने निर्माण केले, त्याचे कर्तेपण पुसले. उरली ती करुणा. दया हीही एक मक्तेदारीच असते. देणारा स्वतःच्या नावासह उभा असतो आणि घेणारा बिननावाचा.

स्पर्धांची कलादालने दुसऱ्या टोकाला आहेत. तेथे दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड हेच 'निसर्गचित्र' ठरलेले. कयाधूच्या काठच्या मुलाने नारळाची बाग कोठे पाहिली? पण ज्याच्या घरी रंगपेटी आहे, ज्याला चित्रकलेचा शिक्षक लाभला आहे, त्याच्या हाताला सफाई येते आणि सफाईलाच गुणवत्ता म्हटले जाते. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, तेव्हा हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. काळे आकाश काढणारी मुलगी स्पर्धेत हरते आणि दयेच्या दालनात बिननावाने जिंकते. दोन्हीकडे निवड करणारी दृष्टी एकच आहे.

कोणी म्हणेल, नाव झाकले ते मुलीच्या सुरक्षिततेसाठी. हा मुद्दा गंभीर आहे. आपल्याकडे आडनावावरून जात शोधली जाते आणि पडद्यावरची शिवी गावात पोचायला वेळ लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण त्या संकेतस्थळाने नाव कापले आणि मुलीचा फोटो मात्र चित्राशेजारी लावला! ही सुरक्षितता नव्हे. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र ज्याने काढले तो त्याचा कर्ता. वय लहान म्हणून तो हक्क संस्थेकडे जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या ज्यू बंदीवस्तीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती मुलांना चित्रकला शिकवीत असे. चित्रावर स्वतःचे नाव घालण्याचा तिचा आग्रह होता. १९४४ मध्ये आउश्वित्झला तिची हत्या झाली. तिची बहुतेक मुलेही मारली गेली. पण सुमारे ४,५०० चित्रे मागे राहिली आणि ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ज्यांना केवळ क्रमांक करून टाकले होते, ती मुले त्या सह्यांमुळे माणसे म्हणून उरली.

माझी आई अंगठा लावीत असे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. अंगठ्याच्या जागी सही आली, ही आपल्या एका पिढीची कमाई आहे. चित्राच्या कोपऱ्यातले नाव कापणारी कात्री त्या कमाईवर चालते.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्त्यांपुढे काही साध्या अटी ठेवतो. चित्र लावण्यापूर्वी मुलाला आणि पालकांना विचारावे. पूर्ण नाव, पहिले नाव की घेतलेले नाव, हे त्यांनी ठरवावे. गाव, शाळा, चेहरा देऊ नये. चित्राखाली मुलाचे स्वतःचे वाक्य असावे. मागणी होताच चित्र काढून टाकावे. आणि पडद्याआधी ते १४ एप्रिलला आपल्या विहाराच्या भिंतीवर लागावे.

त्या मुलीच्या चित्राखाली लिहायचे वाक्य तयारच आहे. गाडी रातीलाच भरतेत. त्यापुढे समीक्षकाने काही जोडण्याची गरज नाही.