‘बालक-पालक’ पाहताना

रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ (२०१३) परवा हट्ट्यास घरी पुन्हा पाहिला. ज्योतीताईने ‘शेण खाल्ले’ म्हणजे काय केले, हे चाळीतली वडीलधारी मंडळी सांगत नाहीत. मग मुले व्हिडिओ कॅसेटलाच गुरू करतात. वडीलधाऱ्यांचे हे मौन दिग्दर्शकाने अचूक पकडले आहे, आणि हसवलेही आहे पोटभर. पण अशा पाहण्याची झळ एखाद्या मुलीला लागते, तिथे तो फार रेंगाळत नाही.

मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तिथे एका मुलाने मोबाईलवरून वर्गातल्या मुलीकडे नको ते फोटो मागितले. ‘बडवा त्याला’ म्हणणारे पुष्कळ निघाले. मुलगी आठवडाभर आली नाही. तिच्याकडे कोणी गेले नाही. ‘हे तू कुठे शिकलास?’ असे त्यालाही कोणी विचारले नाही. चित्रपटात मुलांशी मोकळे बोलणारे कदमकाका आहेत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तसे कोणी नव्हते. मीही नव्हतो.