पितृत्वाचा वाद: सत्य कुणाचं, भार कुणावर?

आज आपण एका निकालाची चिकित्सा करू. चंद्रपूरला सुरू झालेलं पोटगीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २०१४ मध्ये निकाल लागला. पत्नीला दरमहा ९०० आणि मुलीला ५०० रुपये मंजूर झाले होते. मुलगी आपली नाही, असं पतीचं म्हणणं. डीएनए चाचणी दोनदा झाली, नागपूरला आणि हैदराबादला. दोन्ही अहवालांनी त्याचंच म्हणणं खरं ठरवलं. मुलीची पोटगी रद्द झाली.

अडचण होती १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ ची. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल पतीचंच. गर्भधारणेच्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध केलं तरच सुटका. आता बघा, वर्षभर सुरतेला कामाला असलेला नवरा हे दाखवू शकेल. विश्वासानं एकाच घरात राहिलेल्याला मात्र ते दार बंद! हा न्याय नव्हे. इथवर आम्ही निकालाच्या बाजूचे.

पण सत्याचा विजय व्हावा, हे कारण आम्हाला अपुरं वाटतं. जन्म कुणापासून झाला, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. मुलाचं देणं कोण लागतो, हा कर्तव्याचा. प्रयोगशाळा फक्त पहिल्याचं उत्तर देते. दहा वर्षं ज्याने मुलाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो एका कागदाने परका होतो काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या प्रकरणात याच न्यायालयाने चाचणी नाकारली. पतीला घटस्फोटासाठी व्यभिचार सिद्ध करायचा होता. त्यात मुलाला ओढू नका, असा निकालाचा रोख. तोही योग्यच. नुसत्या संशयावर चाचण्या होऊ लागल्या, तर भोकरदनसारख्या गावात किती बायकांना अग्निपरीक्षा द्यावी लागेल!

मग रेघ कुठे ओढायची? जर्मनीत, शंकेला आधार देणारी गोष्ट कळल्यापासून दोन वर्षांत पितृत्वाला आव्हान द्यावं लागतं. फसलेल्याला दार उघडं, पण मूल हे भांडणातलं हत्यार होत नाही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आला. जुनं कलम ११२ तिथे ११६ म्हणून जसंच्या तसं बसलं. संधी गेली.

आणि चंद्रपूरच्या त्या मुलीचं काय? अनौरस मुलालाही बापाकडून पोटगीचा हक्क कायदा देतो. पण तिचा जनक खटल्यात पक्षकारच नव्हता. एका पुरुषाला न्याय देताना दुसऱ्याला कुणी विचारलंच नाही. हिशेब लेकराच्या माथी राहिला.