लिनक्स कर्नलमधील फाइल सिस्टिमची ओळख : एक चिकित्सा

बीजशब्द : लिनक्स कर्नल, मॉड्यूल, सुपरब्लॉक, एफएसआयडी, यूयूआयडी

प्रस्तावना :

फाइलला नाव असते. परंतु नाव म्हणजे ओळख नव्हे. एकाच फाइलला अनेक नावे असू शकतात आणि नाव बदलले तरी फाइल तीच राहते. म्हणून युनिक्स परंपरेने आयनोड क्रमांक व उपकरण क्रमांक यांची जोडी ही फाइलची ओळख मानली आणि पॉझिक्स मानकानेही तीच भूमिका स्वीकारली. आपण वर्गात आजही हेच शिकवतो. येथे या जोडीतील दुसऱ्या घटकाचाच, म्हणजे फाइल ज्या फाइल सिस्टिमवर आहे तिच्या ओळखीचा विचार करावयाचा आहे. कर्नलमध्ये चालणाऱ्या मॉड्यूलला ही ओळख कोठून मिळते आणि तिच्यावर कितपत विसंबता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ओळख मिळवण्याची वाट :

मॉड्यूलच्या हाती उघडलेली फाइल असेल तर वाट सरळ आहे : फाइलवरून आयनोड, आयनोडवरून सुपरब्लॉक. हाती केवळ मार्गनाव असेल तर 'कर्न-पाथ' या फंक्शनने त्याचा संदर्भ मिळवावा लागतो आणि काम संपताच 'पाथ-पुट'ने तो सोडावा लागतो. तो सोडायचा राहिल्यास फाइल सिस्टिम अनमाउंट होण्यास नकार देते. सुपरब्लॉकमध्ये उपकरण क्रमांक, फाइल सिस्टिमचा प्रकार सांगणारा मॅजिक क्रमांक आणि 16 बाइटांचा यूयूआयडी असतो. याखेरीज 'व्हीएफएस-स्टॅटएफएस' हे फंक्शन बोलावले असता मिळणाऱ्या माहितीत 64 बिटांचा एफएसआयडी येतो. नावातच 'फाइल सिस्टिमची ओळख' असा अर्थ असल्याने नवखा लेखक नेमका याचाच आधार घेतो. खरी अडचण येथून सुरू होते.

एफएसआयडीचे स्वरूप :

या क्षेत्रात काय असावे याचा कोणताही करार नाही. ईएक्सटी4 आपल्या यूयूआयडीचे दोन अर्धे भाग एक्सऑर करून ते मूल्य देते. एक्सएफएस सरळ उपकरण क्रमांक देते. बीटीआरएफएस यूयूआयडीमध्ये सबव्हॉल्यूमचा क्रमांक मिसळते. टीएमपीएफएस तर 2021 मधील 5.13 या आवृत्तीपूर्वी शून्यच देत असे. लिनक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही या क्षेत्रात काय असणे अपेक्षित आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशा आशयाचे विधान आहे. कबुली प्रांजळ खरी. पण तिने रचनेतील उणीव भरून निघत नाही.

वस्तुतः येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. 'या क्षणी माउंट असलेल्यांपैकी ही कोणती?' हा पहिला. 'मागील आठवड्यात पाहिली होती तीच ही काय?' हा दुसरा. उपकरण क्रमांक पहिल्याचे उत्तर देतो, तेही माउंट असेपर्यंतच, यूयूआयडी दुसऱ्याचे. एफएसआयडी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हे मात्र विचारणाऱ्याला कळत नाही. समजा, एखादे सुरक्षा-मॉड्यूल हा क्रमांक साठवून त्यानुसार परवानगी देते. ईएक्सटी4 वर ते निर्दोष चालेल. एक्सएफएसवर मात्र पुढील बूटच्या वेळी डिस्क वेगळ्या क्रमाने ओळखल्या गेल्या, तर एकीची परवानगी दुसरीला मिळेल, आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटणार नाही. केवळ ईएक्सटी4 वर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही.

कर्नलच्या विकासकांनीही याच संदिग्ध क्षेत्रावर जबाबदारी टाकली. 2019 मधील 5.1 आवृत्तीपासून फॅनोटिफाय ही यंत्रणा फाइलवरील घटनांचा अहवाल एफएसआयडीसह देऊ शकते. परिणामी शून्य एफएसआयडी असलेल्या फाइल सिस्टिमला तिला नकार द्यावा लागला, तसेच मूळ सुपरब्लॉकपेक्षा वेगळा एफएसआयडी सांगणाऱ्या बीटीआरएफएसच्या सबव्हॉल्यूमलाही. याउलट आयएमए या तपासणी-यंत्रणेच्या नियमांत यूयूआयडी लिहिण्याची सोय आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे.

यूयूआयडीच्या मर्यादा :

तथापि यूयूआयडीही निर्दोष नाही. डिस्कची जशीच्या तशी प्रत घेतली की यूयूआयडीचीही प्रत होते. एक्सएफएस अशी दुसरी प्रत माउंट करण्यास नकार देते ('नोयूयूआयडी' हा पर्याय दिला तरच मान्य करते), ईएक्सटी4 हरकत घेत नाही. म्हणजे यूयूआयडी उगम सांगतो, एकमेवपणाची हमी देत नाही. शिवाय प्रोक-सारख्या, डिस्कवर अस्तित्वच नसलेल्या फाइल सिस्टिमला तो नसतो, आणि फॅटपाशी केवळ 4 बाइटांचा अनुक्रमांक असतो. ही विविधता पाहता सर्वांना एकच ओळख सक्तीची करावी, ही मागणी अवास्तव ठरेल. 2024 मधील 6.9 आवृत्तीत यूयूआयडीसोबत त्याची लांबीही सुपरब्लॉकमध्ये नोंदवली जाऊ लागली आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला तो थेट विचारण्याची सोय झाली. जे आहे तेवढेच सांगणारी ही रचना उशिरा आली, एवढीच तक्रार.

मॉड्यूल लिहिणाऱ्याने म्हणून कायम साठवायची ओळख यूयूआयडीवरूनच घ्यावी आणि तो शून्य असल्यास अनुमान न करता नकार द्यावा. उपकरण क्रमांक वापरावाच लागला तर तो माउंट असेपर्यंत मेमरीत ठेवावा. डिस्कवर लिहू नये.