स्तंभावरची नजर कोणाची?

१ जानेवारी जवळ आली की आपल्या कवींच्या हाती तोफ येते. राळेगाव घ्या, यवतमाळ घ्या, भीमा कोरेगाववरच्या बहुतेक कविता एकाच हिशोबावर उभ्या असतात. पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार. टाळ्याही तिथंच पडतात. टाळीची चव मलाही ठाऊक आहे. तरी सांगतो मित्रांनो, ही कविता आपली नाही. तिच्यातली नजर गोऱ्या कप्तानाची आहे.

स्तंभ इंग्रजांनी उभारला, स्वतःची शेखी मिरवायला. म्हणून त्यावर कॅप्टन स्टॉन्टन आहे, तुकडीचा गौरव आहे, आणि मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातली २२ नावं 'नाक'नं संपतात. ती आपली माणसं. १ जानेवारी १८१८ ला कंपनीचं पायदळ पाचशेच्या आसपास होतं, पण ते सगळं महारांचं नव्हतं. घोडेस्वार आणि मद्रासचे तोफवाले धरून सगळे आठशेवर. पेशव्याची फौज मोठी होती, पण प्रत्यक्ष हल्ल्यात तिचा थोडाच भाग उतरला. हे बोललं की काही पोट्टे चवताळतात, 'पेशव्याची बाजू घेतो का बे?' अरे बाबा, २२ मेलेली माणसं पुरी नाहीत का? आकडा कशाला फुगवता? जे 'नाक' गावात जात ओळखायची खूण होतं, त्याच खुणेनं आज आपण दगडावर आपले बापजादे शोधतो. एवढी मोठी गोष्ट समोर असून एकाही कवीला ती दिसू नये!

पँथरनं १९७२ ला अमेरिकेतल्या काळ्यांचं नाव घेतलं, म्हणून तिकडचंच उदाहरण देतो. 'ग्लोरी' हा १९८९ चा सिनेमा आहे. जिनातली पाळी सुटल्यावर मित्राच्या मोबाइलवर पाहिला. ५४वी मॅसॅच्युसेट्स, काळ्या शिपायांची पलटण, वर गोरा कर्नल शॉ. लढाई अंगावर येते, डेन्झेल वॉशिंग्टनचं काम तर विसरता येत नाही. पण बघा, शॉ खरा आहे आणि मुख्य काळे शिपाई कल्पनेतले. या पलटणीत फ्रेडरिक डग्लसची दोन सख्खी पोरं होती, तरी पडद्यावर बनावट नावं. गोऱ्याला १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातून कपड्याचे ३ कापून हाती ७. शिपायांनी पगारच नाकारला. सिनेमात हे एका दृश्यात उरकतं आणि त्यातही शॉ आपला पगार फाडून भाव खाऊन जातो. खरं तर शॉ १८ जुलै १८६३ ला वॅग्नर किल्ल्यावर पडला. त्यानंतरही वर्षावर ती माणसं बिनपगारी लढत राहिली, १८६४ मध्ये बरोबरीचा पगार मिळेपर्यंत. जेम्स हेन्री गुडिंग नावाच्या कार्पोरलनं सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनला पत्र लिहून विचारलं की आम्ही शिपाई आहोत की मजूर. हा गुडिंग सिनेमात नाही. पत्र लिहिणारा काळा माणूस पडद्याला परवडत नसावा.

आपला गुडिंग कोण? गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून पेन्शनीत आले, १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली, तेव्हा १८९४ ला त्यांनी अर्ज लिहिला. १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा लिहिला. कोरेगाव लढवलेल्यांना दार बंद, कारण महार सुभेदाराला सलाम ठोकायला सवर्ण शिपायाचा हात वर जात नव्हता आणि साहेबाला ते सोयीचं होतं. तो सुभेदार तरी कितीसा मोठा? कितीही वर्षं घासली तरी मिसरूड फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच. १९१७ ला युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर मोडली. दुसऱ्या युद्धात, १९४१ ला, महार रेजिमेंट आली. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते.

यावर आपल्याकडं कविता किती? अर्जावर कविता होत नाही म्हणे. का होऊ नये? जिंकून आलेला माणूस गावाच्या वेशीवर पुन्हा महार होतो, हातातली बंदूक काढून घेतल्यावर लेखणी उचलतो आणि ज्यानं बंदूक काढून घेतली त्यालाच कायदेशीर भाषेत लिहितो, यात कमी ताण आहे का? त्या अर्जांची भाषा नम्र आहे म्हणून आपण त्यांना नाक मुरडतो. त्या नम्रतेखाली दात आवळलेले आहेत, ते वाचता आले पाहिजेत. पुढच्या अंकासाठी कोरेगाववर लिहिणाऱ्यांनी तोफ जरा बाजूला ठेवावी आणि १८९३ सालचा, भरतीतून हात हलवत परतलेला वीस वर्षांचा पोरगा लिहून पाहावा. त्याच्या बापाच्या पेटीत पलटणीचं पदक असेल.