झेरॉक्सच्या उपमेत न बसणारे जनुक

डीएनएची प्रत कशी तयार होते हे शिकवताना आपण बहुतेक जण झेरॉक्स यंत्राचा आधार घेतो. अनेक पुस्तकेही तेच करतात. मूळ कागद ठेवावा, हुबेहूब प्रत बाहेर यावी. प्रत चुकली की उत्परिवर्तन, आणि अशा चुका साचत गेल्या की कर्करोग. उपमा सोपी आहे. पण तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात एक समीकरण पक्के बसते : काटेकोर ते चांगले, चुका करणारे ते वाईट. माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावरील 'पोल-एच' हे जनुक या समीकरणात बसत नाही.

'झेरोडर्मा पिग्मेंटोझम' हा दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. यात रुग्णाच्या त्वचेवर उन्हामुळे डाग पडतात आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए या रुग्णांच्या पेशींना दुरुस्त करता येत नाही, असे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवले. पुढे काही रुग्ण असे आढळले, की त्यांच्या पेशींत ही दुरुस्ती नीट चालू होती; तरीही आजार होताच. त्यांच्यातील दोष होता तो बिघडलेल्या डीएनएची प्रत काढण्यात. त्यामागचे पोल-एच हे जनुक १९९९ साली जपानमध्ये फुमिओ हानाओका यांच्या गटाने आणि अमेरिकेत लुईस प्रकाश व सत्य प्रकाश यांच्या गटाने ओळखले.

हे जनुक नेमके काय करते? अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यातील शेजारशेजारची दोन थायमिन एकमेकांना जोडली जातात. प्रत काढणारी नेहमीची एन्झाइम्स अतिशय काटेकोर असतात. ही जोडी त्यांच्या खाचेत बसत नाही आणि काम अडते. फार काळ अडलेले काम पेशीच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी पोल-एचपासून बनणारे 'पॉलिमरेज ईटा' हे एन्झाइम तिथे येते. त्याची खाच ऐसपैस असल्याने ही जोडी तिच्यात मावते. जोडीसमोर ते बहुधा दोन ॲडेनिन, म्हणजे योग्य तीच अक्षरे बसवते. थोडे पुढे गेल्यावर काम पुन्हा नेहमीच्या एन्झाइम्सकडे जाते.

आता गंमत पाहा. धडधाकट डीएनएवर हेच एन्झाइम फार चुका करते : काही दहा ते काही शेकडा अक्षरांमागे एक. झालेली चूक खोडण्याची सोयही त्याच्यात नाही. उलट तपासणी व दुरुस्ती जमेस धरली, तर पेशीची एकूण यंत्रणा सुमारे अब्ज अक्षरांत एखादीच चूक शिल्लक ठेवते. झेरॉक्सच्या मापाने पोल-एच टाकाऊच ठरेल! पण ते निकामी झाले तर त्या अडलेल्या जागी दुसरी एन्झाइम्स येतात, अधिक चुका करतात, आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

म्हणून त्याला 'रक्षक जनुक' अशी पदवी द्यावी, तर तेही पुरेसे नाही. सिसप्लॅटिन हे औषध कर्करोगाच्या पेशींच्या डीएनएत असेच अडथळे निर्माण करते. पॉलिमरेज ईटा तेही ओलांडू शकते आणि ज्या पेशी मारायच्या त्यांनाच तगायला मदत होऊ शकते.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. जनुकांची चांगली-वाईट अशी वाटणी शिकलेला विद्यार्थी घरातल्या आनुवंशिक आजाराकडेही 'वाईट जनुक' म्हणूनच पाहतो. वास्तविक पोल-एच आपणा सर्वांजवळ आहे. आई आणि वडील अशा दोघांकडूनही त्याची सदोष प्रत आली, तरच हा आजार होतो.

झेरॉक्सची उपमा पहिल्या तासाला वापरायला हरकत नाही. दुसऱ्या तासाला मात्र विद्यार्थ्यांना विचारावे : मूळ कागदच खराब असेल, तर यंत्राने थांबावे की कसेबसे पुढे जावे? पेशीला दोन्ही जमावे लागते, हे त्या चर्चेतून मुलांच्या लक्षात येईल.